डिपॉझिट दिलं, पण ते ठेवलं कुठे? ज्येष्ठ निवासातल्या पैशांचे नियम

ज्येष्ठांसाठीच्या एखाद्या गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक उघडून पाहा. पहिल्या पानावर हिरवळ, दुसऱ्यावर योगासनांचा हॉल, तिसऱ्यावर व्हीलचेअरमागे उभी असलेली हसरी नर्स. आपण देणार ते पंधरा-वीस लाख कुठल्या खात्यात जमा होतील, कशावर खर्च होतील आणि परत करायची वेळ आली की कुठून येतील, याबद्दल शेवटच्या पानापर्यंत एक ओळ सापडत नाही. हा लेख त्या न छापलेल्या पानाबद्दल आहे.

नाशिककरांना हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. ओझरचं एचएएल, नाशिकरोडच्या दोन्ही प्रेस, एकलहऱ्याचं वीज केंद्र, सातपूर-अंबडचे कारखाने, बँका, शाळा, कॉलेजं यांतून निवृत्त झालेली मोठी पिढी आज सत्तरीच्या आसपास आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर देशाबाहेर. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला चढवत नाही, रात्री छातीत कळ आली तर दार कोण उघडणार ही धास्ती असते. त्यात मुंबईची मंडळीही हवा आणि भाव बघून इकडे वळतात. म्हणून गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, देवळालीच्या बाजूला ज्येष्ठांसाठी म्हणून काही निघालं, की ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर त्याची चर्चा होतेच. चर्चा बहुतेक जेवण, बाग आणि डॉक्टर यांची होते. हिशेबाची क्वचित.

आपण नेमकं काय विकत घेतो

अशा निवासाची पूर्ण कल्पना अशी असते: आज तुम्ही धडधाकट आहात तेव्हा स्वतंत्र राहा, उद्या आंघोळीला, औषधांना मदत लागली तर ती इथेच मिळेल, पुढे अंथरुणाला खिळलात तर शुश्रूषाही इथेच होईल. अमेरिकेत अशा वसाहती बऱ्याच जुन्या आहेत. त्यासाठी आत येताना एक मोठी रक्कम घेतात आणि शिवाय दर महिन्याला शुल्क घेतात.

म्हणजे इथे व्यवहार फक्त चार भिंतींचा नसतो. तुम्ही पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या सांभाळाचं वचन घेता आणि त्याचे पैसे आधी मोजता. घर तयार आहे की नाही हे डोळ्यांनी दिसतं. वचन पाळण्याची ऐपत दिसत नाही, ती ताळेबंदातच शोधावी लागते. आपल्याकडचा कायदा घराच्या बाबतीत बऱ्यापैकी कडक आहे. वचनाच्या बाबतीत फार ढिला आहे. सगळी गुंतागुंत इथेच आहे.

एक गणित मांडतो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा ८० खोल्यांचा प्रकल्प आहे आणि प्रत्येकाकडून २० लाख रुपये डिपॉझिट घेतलं. जमले १६ कोटी. करारात लिहिलंय, की जाताना दहा टक्के कापून बाकी १८ लाख बिनव्याजी परत मिळतील. चालकांनी ते १६ कोटी जमीन आणि बांधकामात घातले. यात बेकायदा काही असेलच असं नाही, पण आता तिजोरीत काही नाही. वर्षाला आठ रहिवासी निघून गेले किंवा वारले तर परत द्यायला १ कोटी ४४ लाख लागतील. ते येणार नव्या आठ जणांच्या डिपॉझिटमधून. आठ आले तर सगळं सुरळीत. शेजारी नवा प्रकल्प उभा राहिला आणि तीनच आले, तर हातात ६० लाख येतात, ८४ लाखांची खिंडार पडते. मग एकतर कर्ज काढायचं, नाहीतर मासिक शुल्क वाढवायचं, नाहीतर वारसांना "थोडं थांबा" म्हणायचं. चालक प्रामाणिक असला तरी हे होऊ शकतं, हे आधी मनाशी पक्कं केलं पाहिजे. इथे फसवणुकीपेक्षा भोळ्या आशेने जास्त नुकसान होतं.

मासिक शुल्काचंही बघा. आज ३५ हजार. करारात "दरवर्षी वाढ होईल" एवढंच लिहिलं असेल आणि ती वाढ ५ टक्के निघाली, तर पंधराव्या वर्षानंतर शुल्क साधारण ७३ हजार होतं. ८ टक्के निघाली तर १ लाख ११ हजार. त्या तीन टक्क्यांच्या फरकात कुणाचंही निवृत्तिवेतन वाहून जाईल. शिवाय डिपॉझिट बिनव्याजी असतं म्हणजे फुकट नसतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. त्या दराने २० लाखांवर वर्षाला १ लाख ६४ हजार व्याज येतं, महिन्याला साडेतेरा हजारांच्या वर. तेवढं तुम्ही सोडून देता. राहण्याचा खरा मासिक खर्च काढताना हे ३५ हजारांत मिळवायला हवं.

अमेरिकेने ठेच लागल्यावर काय केलं

तिथे हा धंदा मोठा आहे, ठेचाही मोठ्या लागल्या. कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक होम्स या संस्थेने एकरकमी पैसे घेऊन आयुष्यभर सांभाळायचे करार केले होते. माणसं अंदाजापेक्षा जास्त जगली, खर्च वाढला, नव्यांच्या पैशांतून जुन्यांचा सांभाळ सुरू झाला आणि १९७७ मध्ये संस्था दिवाळखोरीत गेली. २००९ मध्ये एरिक्सन ही मोठी कंपनी त्याच वाटेने गेली. तिथले ज्येष्ठ आपलं जुनं घर विकून त्या पैशांतून प्रवेश शुल्क भरतात; घरांचा बाजार कोसळल्यावर घरं विकली जाईनात आणि नवे रहिवासी यायचे थांबले.

यावर एकच राष्ट्रीय कायदा झाला नाही. नियमन राज्यांकडे आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१० मध्ये पाहणी केली तेव्हा ३८ राज्यांत या वसाहतींसाठी काही ना काही खास नियमन होतं, १२ राज्यांत नव्हतं. कुठे विमा खातं लक्ष ठेवतं, कुठे समाजकल्याण, कुठे आरोग्य. फ्लोरिडात विमा नियामकाकडे हे काम आहे आणि मला ते फार समंजसपणाचं वाटतं. भविष्यातल्या सेवेसाठी आज पैसे घेणं हा स्वभावाने विम्यासारखाच व्यवहार आहे.

या नियमांचा गाभा म्हणजे खुलासापत्र. करार करण्याआधी संस्थेने ग्राहकाच्या हातात ते ठेवायचं: चालक कोण, त्यांचा पूर्वानुभव काय, लेखापरीक्षित ताळेबंद, डोक्यावर कर्ज किती, राखीव निधी किती, मागच्या काही वर्षांत मासिक शुल्क किती वेळा आणि किती वाढवलं. तपशील राज्यागणिक बदलतात. काही राज्यं विमागणितज्ञाकडून हिशेबही मागतात: आजचे रहिवासी सरासरी किती वर्षं जगतील, त्यांना किती शुश्रूषा लागेल, त्याला किती पैसा लागेल आणि तो आहे का. कॅलिफोर्नियात चालकाला किमान ७५ दिवसांच्या खर्चाइतकी आणि शिवाय वर्षभराच्या कर्जफेडीइतकी रक्कम चटकन मोडता येईल अशा रूपात बाजूला ठेवावी लागते. तिथे राहायला गेल्यावर पहिल्या ९० दिवसांत करार रद्दही करता येतो. म्हाताऱ्या माणसाला नवी जागा मानवते की नाही हे राहिल्याशिवाय कळत नाही, हे त्या कायद्याने ओळखलं आहे.

करारांचेही तिथे ढोबळ तीन प्रकार ठरलेत. पहिल्यात प्रवेश शुल्क भरपूर, पण पुढे शुश्रूषा लागली तरी मासिक शुल्क फारसं वाढत नाही. दुसऱ्यात ठरावीक दिवसांची शुश्रूषा समाविष्ट, त्यापुढे जादा पैसे. तिसऱ्यात प्रवेश स्वस्त, पण लागेल ती सेवा त्या वेळच्या बाजारभावाने. आपल्याकडे विकला जाणारा करार बहुतेक वेळा तिसऱ्या प्रकारचा असतो आणि ऐकताना पहिल्या प्रकारचा वाटतो. "सगळं इथेच मिळेल" या वाक्यात पैसे कुणी भरायचे ते येत नाही.

तिथलं सगळं आलबेल आहे असंही नाही. न्यूयॉर्क राज्याचे नियम कडक, तरी लाँग आयलंडवरची हार्बरसाइड ही वसाहत २०१४, २०२१ आणि २०२३ अशी तीनदा दिवाळखोरी न्यायालयात गेली. नियमाने धोका नाहीसा होत नाही. पण धोका आहे हे पैसे देण्याआधी कळायची सोय होते आणि तेही कमी नाही.

आपल्याकडे: वीट रेराकडे, सांभाळ कुणाकडे?

महाराष्ट्रात पहिला प्रश्न हा, की तुम्ही तिथे कोणत्या नात्याने राहणार. मालक म्हणून, भाडेपट्ट्याने की नुसत्या परवानगीने?

फ्लॅट विकत घेत असाल तर २०१६ चा रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांचं नियमन करणारा कायदा, तुमच्या बाजूने उभा आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा घरं आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची. नोंदणी झालेल्या प्रकल्पाला महारेरा, म्हणजे राज्याचं रेरा प्राधिकरण, क्रमांक देतं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो, तो मोबाइलने स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून फक्त त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी वापरायचे असतात. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागता येतात. बांधकामातल्या मूलभूत दोषांची जबाबदारी पाच वर्षं बिल्डरवर असते. आणि कलम १२ जरूर लक्षात ठेवा: जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. म्हणून ते गुळगुळीत माहितीपत्रक रद्दीत टाकू नका. करारासोबत जपून ठेवा.

२०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी खास आदर्श मार्गदर्शक सूचनाही काढल्या. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, व्हीलचेअरसाठी उतार, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरश्या, वीज गेली तर पर्यायी सोय. हे फार चांगलं काम झालं. नुसतं नाव 'ज्येष्ठ' ठेवून साधेच फ्लॅट विकण्याला त्याने आळा बसतो. पण बघा, हे सगळं पुन्हा बांधकामाबद्दलच आहे. पंधरा वर्षांनी रात्रपाळीच्या नर्सचा पगार कुठून होणार, हे त्यात विचारलेलं नाही.

केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये एक आदर्श आराखडा दिला होता. त्यात बिल्डर, सेवा देणारी संस्था आणि घर घेणारा असा त्रिपक्षीय करार सुचवला आहे. कल्पना उत्तम आहे. एरवी होतं काय, की बिल्डर इमारत विकून मोकळा होतो. जेवण, सफाई, नर्स हे दुसरीच एक कंपनी पाहते. ती कंपनी दोन वर्षांनी निघून गेली तर कुणाला पकडायचं ते कळत नाही. पण जमीन हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राचा आराखडा सल्ल्यापुरताच राहतो. त्यामुळे तुमच्या प्रकल्पात असा करार आहे का हे तुम्हालाच विचारावं लागेल.

आता दुसरं नातं. डिपॉझिट भरायचं आणि राहायचं, घर नावावर होत नाही. रेराच्या व्याख्येत भाड्याने घर घेणारा माणूस 'ग्राहक' म्हणून येतच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लवासा प्रकरणात ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याला रेरा लागू होतो असं म्हटलं, कारण तो नावाला भाडेपट्टा, प्रत्यक्षात विक्रीच होती. अकरा महिन्यांचा किंवा पाच वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करार त्यात बसवणं अवघड. लायसन्स म्हणजे जागा वापरायची परवानगी, जागेत हक्क नाही. म्हणजे सगळ्यात मोठं, परत मिळेल असं सांगितलेलं डिपॉझिट ज्या प्रकारात देतात, नेमका तोच प्रकार सगळ्यात कमी देखरेखीखाली आहे. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा इथे उपयोगी पडेल असं अनेकांना वाटतं. तो मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देतो, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवून देतो, प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद करतो. खासगी निवासाने घेतलेल्या डिपॉझिटच्या हिशेबाबद्दल तो काही सांगत नाही.

तिसरा प्रकार विश्वस्त संस्थांचा. नाशिकमध्ये ही परंपरा चांगली आहे आणि कमी पैशांत मायेने सांभाळणाऱ्या संस्था बहुतेक याच प्रकारातल्या असतात. त्यांच्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० लागू होतो, दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात सादर करावा लागतो. यात दोन गोष्टी माहीत हव्यात. ट्रस्टची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तेव्हा कुणी "खोली आजन्म तुमची" म्हणालं तर ते कोणत्या कागदाच्या आधारावर, हे विचारा. आणि पावती नीट वाचा. पाच लाख 'अनामत' आणि पाच लाख 'देणगी' अशा दोन पावत्या मिळाल्या, तर त्या दुसऱ्या पाच लाखांवर पाणी सोडलं असंच समजा. तोंडी कुणी काहीही सांगितलेलं असो, देणगी परत मागता येत नाही. देणगी द्यावीशी वाटली तर अवश्य द्या, पण देणगी म्हणून द्या.

मसुद्यातली दोन कलमं

माझ्या मावशीसाठी मी असा एक मसुदा वाचायला घेतला होता. अठरा पानं, बारीक टाइप. अकराव्या पानावर हे होतं:

"निवासी व्यक्तीने निवास सोडल्यास अथवा तिचे निधन झाल्यास, सदर खोलीचे पुनर्वाटप होऊन नवीन निवासी व्यक्तीकडून संपूर्ण अनामत प्राप्त झाल्यानंतर ९० दिवसांच्या आत, देय रकमा वजा जाता, उर्वरित अनामत विनाव्याज परत करण्यात येईल."

घाईत वाचलं तर '९० दिवस' तेवढे लक्षात राहतात. पण ते ९० दिवस सुरू कधी होणार? खोलीला नवा माणूस मिळाल्यावर, त्याने पूर्ण पैसे भरल्यावर. वरच्या गणितातली खिंडार इथे एका वाक्यात तुमच्या वारसांच्या अंगावर टाकलेली आहे. मावशीने मॅनेजरना समोर बसवून विचारलं, "आणि खोली भरलीच नाही तर?" ते म्हणाले, "तसं होत नाही हो, मावशी." तिने पेन्सिलने त्या ओळीखाली रेघ मारली आणि "मग एवढंच लिहून द्या" म्हणाली. लिहून मिळालं नाही. तिनेही सही केली नाही.

इथे मागायचं ते एवढंच: खोली भरो न भरो, सोडल्यापासून अमुक महिन्यांत पैसे परत, उशीर झाला तर अमुक दराने व्याज, 'देय रकमा' म्हणजे नेमक्या कोणत्या त्याची यादी.

दुसरं कलम मला जास्त टोचलं: "व्यवस्थापनाच्या मते निवासी व्यक्ती स्वतःची दैनंदिन कामे करण्यास असमर्थ झाल्यास नातेवाइकांनी तिला ३० दिवसांच्या आत घेऊन जावे." ज्या दिवसासाठी माणूस सगळा संसार आवरून इथे येतो, त्याच दिवशी त्याला बाहेर काढायची ही तरतूद. स्मृतिभ्रंश, पक्षाघात, मोडलेलं खुब्याचं हाड यांचा उल्लेख करारात नावानिशी असला पाहिजे: ठेवून घेणार की नाही, घेणार तर कुठे आणि किती पैशांत. 'व्यवस्थापनाच्या मते' हे शब्द काढून तिथे डॉक्टरांचं लेखी मत आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क हवा. आणि शुश्रूषेचा विभाग आहे असं सांगत असतील, तर शुश्रूषागृह म्हणून महापालिकेकडे किंवा संबंधित आरोग्य यंत्रणेकडे त्याची नोंदणी आहे का ते पाहा. नोंदणी नसेल तर तो बेड टाकलेला हॉल आहे.

जोडपं असेल तर एकाच्या माघारी दुसऱ्याचं शुल्क किती कमी होणार, छोट्या खोलीत जायला लावणार का, हेही लिहून घ्या. दुःखाच्या आठवड्यात कुणी वाटाघाटी करू शकत नाही.

हिशेब पाहायला मिळतो कुठे

खुलासापत्राची सक्ती नसली तरी त्याचे तुकडे वेगवेगळ्या सरकारी कपाटांत असतात, ते जमवता येतात. प्रकल्प रेरात असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीची प्रगती, जमिनीवरचा बोजा, न्यायालयीन दावे आणि सीएचं प्रमाणपत्र दिसतं. चालक कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाका. संचालक कोण आणि कोणत्या बँकेचा बोजा किती रकमेचा, हे तिथे कळतं. किरकोळ शुल्क भरलं की ताळेबंदही उतरवून घेता येतो. त्यात 'चालू देणी' आणि 'इतर दीर्घकालीन देणी' या ओळी शोधा, रहिवाशांचं डिपॉझिट बहुधा तिथेच असतं. समोरच्या बाजूला बँकेतली शिल्लक आणि मुदत ठेवी किती, ते पाहा. देणी १६ कोटी आणि शिल्लक ३० लाख असेल, तर वेगळं सांगायला नको. ताळेबंदाच्या खाली सीएने दिलेला शेराही वाचा. संस्था पुढे चालू राहील का याबद्दल शंका असेल तर तो तिथे लिहितो. ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट एकचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीचा, उतारा आणि मागच्या तीन वर्षांच्या हिशेबपत्रकांची प्रत मागा. जमिनीसाठी सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल.

एवढं करणं सत्तरीतल्या माणसाला जड जातं, हे खरं आहे. म्हणूनच हे काम ज्येष्ठ नागरिक संघांनी हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. संघात निवृत्त बँक अधिकारी, लेखापाल, वकील असतातच. चौघांनी बसून एका प्रकल्पाचा ताळेबंद वाचला तर चाळीस जणांची सोय होते.

सरकारकडे मागायचं तेही अवघड नाही. बिल्डर तिमाही माहिती आजही भरतोच. ज्येष्ठ निवास चालवणाऱ्याने, मालकी पद्धत असो वा डिपॉझिटची, वर्षातून एकदा चार आकडे जाहीर करावेत: घेतलेलं एकूण डिपॉझिट, परत करायचं राहिलेलं डिपॉझिट, राखीव निधी आणि भरलेल्या खोल्या. आणि डिपॉझिटचा ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती व्हावी, रेराने बांधकामासाठी केली तशीच. नवा मोठा कायदा होईपर्यंत एवढ्यानेही पुष्कळ जण वाचतील.

पैसे आधीच दिले असतील तर

घाबरून जाऊ नका, पण कागद जमवायला आजच लागा: करार, सगळ्या पावत्या, माहितीपत्रक, शुल्कवाढीची पत्रं, व्हॉट्सअॅपवरचे संदेश. रहिवाशांची समिती करा आणि लेखी पत्राने वार्षिक हिशेब मागा. एकट्याने विचारलं की कटकट वाटते, पन्नास सह्या असल्या की उत्तर येतं.

संस्था खरोखर बुडाली तर रांगेत तुमची जागा कुठे, हेही माहीत हवं. २०१८ च्या दुरुस्तीने घर विकत घेणाऱ्यांना दिवाळखोरी कायद्यात वित्तीय धनको, म्हणजे बँकेसारखे कर्ज देणारे, मानलं आहे, त्यांना धनकोंच्या समितीत मत असतं. नुसतं डिपॉझिट देऊन राहणाऱ्याला ते स्थान आपोआप मिळत नाही. जमीन गहाण ठेवून घेतलेली बँक त्याच्या पुढे असते. ठेवीदारांचे पैसे बुडवणाऱ्या केबीसी आणि मैत्रेय या कंपन्यांची नावं नाशिक विसरलेलं नाही. तेव्हा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा राज्य कायदा, म्हणजे एमपीआयडी, घराघरात माहीत झाला. त्याच्या व्याख्येत पैशांऐवजी ठरावीक सेवेच्या रूपाने परतफेड करायची ठेवही येते, म्हणून वकिलाला हा मुद्दा जरूर तपासायला सांगा. तो लागू होतो की नाही, हे तुमच्या कागदांवर ठरेल.

सेवा ठरल्याप्रमाणे मिळत नसेल किंवा डिपॉझिट अडवून धरलं असेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ता सगळ्यात जवळचा. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर नाशिकच्याच जिल्हा आयोगात जाता येतं, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोगात. करारच एकतर्फी आणि जाचक असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' म्हणून त्याला आव्हान देता येतं, ते राज्य आयोगापुढे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि "पुढच्या महिन्यात देतो" ऐकता ऐकता ती संपते, तेव्हा पहिली नोटीस लवकर द्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. त्यांचा मदतीचा क्रमांक १५१००, आणि ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४५६७.